टिकल्या कशा वाचल्या

रसायनांच्या कारखान्याच्या फाटकाशी काचेची टाकी बसवली, ती अमरीनने पहिल्यांदा रिक्षातून पाहिली. महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे तास घेऊन ती घरी निघाली होती. वळणावर रिक्षा हळू झाली आणि निळ्या फलकाखाली काहीतरी चमकलं. तिने रिक्षा थांबवायला सांगितली आणि उतरून जवळ गेली. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की टाकीतलं पाणी हे कारखान्यातून शुद्ध होऊन कातळओढ्यात सोडलं जाणारं पाणी आहे, आणि त्यात मासे सुखाने नांदत आहेत.

मासे होते पंधरा-वीस. बोटभर लांबीचे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगणारे, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका. कातळवाडीतले भोई त्यांना टिकल्या म्हणतात. खायच्या कामाच्या नाहीत म्हणून बाजारात कुणी आणत नाही. अमरीनने मात्र गेली तीन वर्षं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पीएचडीसाठी तिने हाच मासा धरला होता, आणि कातळओढ्यात तो अजून आहे हेही तिनेच शोधून काढलं होतं.

डिसेंबरात कॉलेजच्या चर्चासत्रात तिने ते जाहीरपणे सांगितलं. ज्या ओढ्यात काहीच जगत नाही असं सगळे धरून चालतात, तिथे एक मासा जगतो आहे. तिने फोटोही दाखवले. दुसऱ्या रांगेत बसून कुणीतरी वहीत लिहून घेत होतं. तो श्रेयस होता. एम.एस्सी.ला तिच्यापुढे दोन वर्षं, हुशार, शहरातल्या शिक्षकाचा मुलगा. आता तो कारखान्याचा पर्यावरण अधिकारी होता. टाकी कुठून आली हे अमरीनला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्याच तोंडचं अर्धं वाक्य उचलून त्यांनी काचेत ठेवलं होतं.

उरलेलं अर्धं डिसेंबरात तिच्यापाशी नव्हतं. ते जानेवारीत हाती आलं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, एक स्वच्छ ओढा सावित्रीला मिळतो. तिथेही टिकल्या असतात. अमरीनने दोन वर्षांपूर्वीच दोन्हीकडच्या आणून कॉलेजच्या मागच्या खोलीत वेगवेगळ्या टाक्यांत स्वच्छ पाण्यात वाढवल्या होत्या, आणि आता त्यांच्या वंशाची अंडी कारखान्याखालच्या पाण्यात वाढवून पाहिली. टिकलीचं अंडं काचेसारखं आरपार असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की आत काळीज घडताना दिसतं. कातळओढ्याच्या अंड्यांत ते नीट दुमडलं, त्याचे कप्पे झाले आणि ते ठेक्यात उडू लागलं. पोलादपूरच्या अंड्यांत ते दुमडलंच नाही. दोऱ्यासारखं ताणलेलं राहिलं, रक्त एका बाजूला साकळलं, आणि आठव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळी अंडी मेली. एकदा तर पाणी भरताना डबे बदलले गेले, पोलादपूरच्या टाकीत कारखान्याखालचं पाणी पडलं आणि तिथले सोळा मोठे मासेही तासाभरात कलंडले. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

मग पुण्याच्या प्रयोगशाळेतून डीएनएचे निकाल आले. तिच्या मार्गदर्शक अनुपमा मॅडम ते फोनवर वाचून दाखवत होत्या आणि अमरीन इकडे उभ्यानेच लिहून घेत होती. कातळओढ्याच्या जवळजवळ प्रत्येक माशात एका जनुकाचा तुकडा गळालेला होता. पोलादपूरच्या ऐंशी माशांपैकी दोनच माशांत नेमका तोच तुकडा गळालेला सापडला. त्या दोन माशांनी अमरीनची झोप उडवली. कारण त्यांचा अर्थ असा होता की विषाने नवं काही घडवलंच नव्हतं. गळालेला तुकडा आधीपासून थोड्यांत होता. विषाने बाकीच्यांना फक्त वेचून मारलं.

टाकी बसल्यावर चार दिवसांनी श्रेयस कॉलेजात आला. कारखान्याला दुप्पट मोठं व्हायचं होतं, त्यासाठी जनसुनावणी लागली होती. तिथे अमरीनने येऊन दोन वाक्यं बोलावीत, एवढीच त्याची विनंती होती. ओढ्यात मासे आहेत, आणि ते निरोगी आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत ना, असं तो म्हणाला. तो नम्रपणे बोलत होता, आणि तिला राग आला तो त्या नम्रपणाचाच.

तिने त्याला मागच्या खोलीत नेलं, दोन अंडी एकामागून एक काचेवर ठेवली आणि पाहायला सांगितलं. डबे बदलले त्या दिवसाची नोंद दाखवली. डीएनएचे कागद दाखवले. श्रेयस सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिला. विद्यार्थी असताना तो असाच वाकायचा, जगाचा विसर पडल्यासारखा. मग त्याने चष्मा पुसला.

"हे अजून छापून आलेलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग सुनावणीपुरतं ते नाहीच असं समज," तो म्हणाला, आणि गेला.

घरीही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. अमरीनचे वडील जुल्फिकार यांचे दोन ट्रक होते आणि पंधरा वर्षं ते त्याच कारखान्याची पिंपं पनवेलला पोचवत होते. दुपारच्या जेवणाला ते घरी आले तेच कपाळाला आठी घालून. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून चहा पाजला होता. मुलगी फार शिकलेली आहे, तिचा अभिमान वाटतो, असं म्हणाले होते. बाकी काही म्हणाले नव्हते. जुल्फिकारना तेवढं पुरलं होतं.

अम्मी रहिमा म्हणाल्या, आधी जेवून घ्या. कुणी जेवलं नाही.

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाही," जुल्फिकार म्हणाले. "त्या दिवशी फक्त घरी राहा."

"अब्बा, त्या टाकीत मासे आहेत ते मी शोधलेले. मी घरी राहिले तर ते माझ्याच तोंडाने बोलतील."

त्यांनी ताट सरकवलं. ड्रायव्हरांची घरं त्या ट्रकांवर चालतात, तिचं शिक्षणही त्यावरच झालं, हे सगळं ते बोलले, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. अमरीन मान खाली घालून ऐकत राहिली. मात्र सुनावणीला जाणार नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. ते उठून गेले, आणि त्या दिवसापासून घरात गरजेपुरतंच बोलणं उरलं.

दुसऱ्या दिवशी ती कातळवाडीला साळूबाईकडे गेली. साळूबाई साठीच्या पुढची भोईण. पहिली टिकली अमरीनला तिनेच झोळण्याच्या छोट्या जाळीत पकडून दिली होती, आणि पोलादपूरचा ओढाही तिनेच दाखवला होता, कारण तिचं माहेर तिकडचं. कातळओढ्यावर तिच्या सासऱ्याने आणि नवऱ्याने जाळी टाकून संसार केला. आता जाळी आढ्याला टांगलेली होती आणि साळूबाई महाडच्या बाजारात दुसऱ्यांची मासळी विकत होती.

फाटकापाशी काय लिहिलंय ते अमरीनने तिला वाचून सांगितलं. मग मासे कसे वाचले तेही सांगायला बसली. जनुक, पेशी असे शब्द पुढे जाईनात, तेव्हा तिने पदरचं उदाहरण घेतलं. शरीर बारक्या बारक्या पेशींचं बनलेलं असतं, आणि पेशीत जणू एक कान असतो असं समज. विषाची हाक त्या कानावर पडली की अंड्यातलं काळीज घडायचं चुकतं, आणि मोठा मासाही कलंडतो. या टिकल्यांचा तो कान जन्मापासूनच बंद होता.

साळूबाईने हातातलं काम थांबवलं. "म्हंजे बहिऱ्या होत्या तेवढ्या वाचल्या," ती म्हणाली. "ऐकणाऱ्या मेल्या."

 अमरीनच्या प्रबंधाच्या दोनशे पानांत जे होतं ते या बाईने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. बहिरेपण फुकटचं नसतं, हेही तिने साळूबाईला सांगितलं. तो कान दुसऱ्या कामांसाठीही लागतो. उन्हाळ्यात ओढा आटून पाण्यातली हवा कमी झाली की याच टिकल्या सगळ्यांत आधी गुदमरतात.

"आन् बाकीचे मासे?" साळूबाईने विचारलं. "मळ्या, मरळ, वाम? त्यांच्यात कोन बहिरं नव्हतं?"

नसावं, असं अमरीन म्हणाली. बहिरेपण आधीपासून कुणात तरी असावं लागतं. ते मागून येत नाही.

साळूबाई उठली, ओसरीवरचं झोळणं खाली काढलं. "सुनावनीच्या सकाळी मी पोलादपुरास्नं वीस टिकल्या आनते," ती म्हणाली. "तू कॅन घेऊन ये गो."

सुनावणीला मांडव भरला होता. पुढच्या रांगेत कारखान्याचे लोक, मधे व्यापारी आणि ट्रकवाले, मागे कातळवाडी. जुल्फिकार ट्रकवाल्यांत बसले होते, अमरीनने त्यांना पाहिलं आणि नजर वळवली. व्यासपीठावर सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई होत्या, शेजारी लिहून घेणारा कारकून. टेबलावर फाटकापाशी असायची ती टाकी आणून ठेवली होती. व्यवस्थापकांनी पडद्यावर झाडं दाखवली, हिरवळ दाखवली, गावाला दिलेली पाण्याची टाकी दाखवली आणि शेवटी काचेवर हात ठेवून म्हणाले की पाण्याची साक्ष माशांहून कोण चांगली देणार.

अमरीनचं नाव पुकारलं तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. दोन काळजांचं चित्रीकरण तिला दाखवायचं होतं. पण पडदा कारखान्याचा होता, तो मिळणार नाही असं कळलं. अधिकारी बाई म्हणाल्या, तीन मिनिटं आहेत, तोंडी सांगा. अमरीनने लॅपटॉप मिटला.  मग तिने खाली ठेवलेला पांढरा कॅन उचलला आणि टाकीशेजारी ठेवला.

"या कॅनमध्ये वीस टिकल्या आहेत," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "आज सकाळी पोलादपूरच्या ओढ्यातून आणलेल्या. जात तीच आहे. तुमचं पाणी स्वच्छ असेल तर यांनाही त्यात काही होणार नाही. टाकीत सोडा."

व्यवस्थापक हसले. माणूस कारखाना चालवणारा होता, माशांचं त्याला काही ठाऊक नव्हतं. "सोडा की," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सोडा." त्यांनी स्वतःच कॅनच्या झाकणाला हात घातला.

"साहेब, नको."

श्रेयस उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि हात मागे घेतला. 

"का नको?" अधिकारी बाईंनी विचारलं.

श्रेयसने कॅनकडे पाहिलं. "ते मासे या पाण्याला सरावलेले नाहीत," तो म्हणाला.

अमरीन अधिकारी बाईंकडे वळली. 

"हा सराव नाही," ती म्हणाली. "सरावलेला मासा चांगल्या पाण्यात ठेवला की त्याची सवय मोडते, आणि सवय पोरांच्या पोरांत उतरत नाही. मी कातळओढ्याच्या टिकल्या तीन पिढ्या स्वच्छ पाण्यात वाढवल्या. चौथ्या पिढीची अंडी कारखान्याच्या पाण्यात टाकली, तरी ती तगली. हे त्यांच्या वंशात उतरलेलं आहे. उत्क्रांती लाखो वर्षांत होते असं आम्ही मुलांना शिकवतो. इथे ती कारखाना आल्यापासूनच्या तीस वर्षांत झाली, कारण मरण इतकं मोठं होतं. शंभरात दोन-तीन टिकल्या अशा होत्या की ज्यांच्यावर या विषाचा परिणाम होत नव्हता. बाकीच्या मेल्या. टाकीत पोहतायत त्या या दोन-तिघींच्या लेकी. तुम्ही त्यांना पाण्याचं प्रमाणपत्र म्हणून इथे आणलंत. त्या इथे आहेत यावरूनच कळतं की किती मेल्या."

वेळ झाल्याची खूण कारकुनाने केली. अधिकारी बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि श्रेयसला विचारलं की या बाई सांगतात ते तुम्हाला माहीत होतं का. श्रेयसने व्यवस्थापकांकडे पाहिलं नाही. अंडी मी पाहिली आहेत, एवढंच तो म्हणाला, आणि खाली बसला.

तेवढ्यात मागून साळूबाई उठली. तिचं नाव यादीत नव्हतं, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. कातळवाडीच्या बायांनी तिला वाट करून दिली आणि ती सरळ व्यासपीठासमोर येऊन उभी राहिली.

"टिकली वाचली, तिचं नशीब," ती म्हणाली. "बाकीच्यांना तेवढं पन नव्हतं. कातळओढ्यात काय काय होतं ते मी सांगते, लिवून घ्या. मळ्या. खवली. शिंगटी. मरळ. वाम. कोलंबी. चिंबोऱ्या. आता यातलं एक पन नाय."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, लिहा. त्याने लिहिलं, आणि साळूबाई प्रत्येक नावाला त्याच्या पेनाकडे बघत उभी राहिली. शिंगटी लिहिताना त्याचं चुकलं, ते तिने पुन्हा सांगितलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पेन किती वेळ चाललं यावरून तिने ताडलं होतं.

कारखान्याला त्या दिवशी परवानगी मिळाली नाही. नाकारलीही गेली नाही. बाहेरून आणलेले मासे आणि त्यांची अंडी या पाण्यात ठेवून त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासणी करावी आणि तोवर विस्ताराचा प्रस्ताव थांबवावा, असं इतिवृत्तात आलं. अमरीनला ते थोडं वाटलं. साळूबाईला मात्र सात नावं सरकारी कागदात गेली याचंच अप्रूप होतं. ते पान वाचून दाखव म्हणून ती दोनदा अमरीनकडे येऊन गेली.

किंमत लगेच चुकवावी लागली. आठवड्याच्या आत जुल्फिकारांचे ट्रक फाटकावरून परत पाठवले गेले. पुढच्या सत्रात तास कमी आहेत, असं प्राचार्यांनी अमरीनला कळवलं. ती तासिका तत्त्वावर होती, त्यामुळे काढून टाकायचीही गरज पडली नाही. श्रेयसने नोकरी सोडली की त्याला सोडायला लावली हे कुणाला नीट कळलं नाही. तो पुण्याला गेला. जाताना त्याने अमरीनला फोन केला नाही, आणि तिनेही केला नाही. तिच्या टाक्या आता घराच्या मागच्या पडवीत होत्या. कॉलेजातून त्या आणायला अब्बांचेच ड्रायव्हर आले होते, आणि कुणी पाठवलं हे सांगायला तयार नव्हते.

जुल्फिकार तिच्याशी दहा-बारा दिवस बोलले नाहीत. ट्रक त्यांनी जांभ्या दगडाच्या खाणीवर लावले होते. काम कमी होतं, धूळ जास्त होती, आणि संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवयांपर्यंत लाल झालेले असत. हात-पाय धुवायला मागे जात, तेव्हा पडवीतल्या टाक्यांसमोर थोडा वेळ उभे राहत. 

मग वकिलाची नोटीस आली. अमरीनने अप्रकाशित आणि अप्रमाणित माहितीच्या आधारे कारखान्याची बदनामी केली आहे, तिने पंधरा दिवसांत आपलं विधान लेखी मागे घ्यावं. अनुपमा मॅडम फोनवर म्हणाल्या की घाबरू नकोस, संशोधनाचा लेख आजच्या आज छापायला पाठवते आहे, पण नोटिशीला उत्तर मात्र तुझं तूच दे. ते मराठीतच दे, कारण विधान मराठीतच केलं होतंस.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी उत्तर लिहीत बसली होती. जुल्फिकार आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि न विचारता लिहिलेला कागद उचलला. दहावी झालेला माणूस, पण कागदपत्रं वाचायची सवय जुनी. ओळीवर बोट ठेवून ते सावकाश वाचत गेले. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

एका ओळीवर बोट थांबलं. तिथे अमरीनने लिहिलं होतं की कारखान्याच्या पाण्यात पोलादपूरच्या अंड्यांतील हृदय घडत नाही असे मला वाटते.

"‘वाटते’ कशाला लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "तू बघितलंस ना डोळ्यांनी?"

"बघितलं."

"किती अंडी?"

"चारशे बारा."

"मग ‘वाटते’ खोड," जुल्फिकार म्हणाले. "‘दिसले’ लिही. आणि चारशे बारा हा आकडाही घाल."

तिने खोडलं. ते पुढची ओळ वाचू लागले.